‘हात देता का?’

दर नोव्हेंबरात मला एक काम न चुकता करावं लागतं. मी जिवंत आहे, हे बँकेत जाऊन सिद्ध करायचं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकालाच ते करावं लागतं, त्यामुळे त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पूर्वी एका छापील कागदावर सही केली की भागत असे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं. आता एका छोट्याशा यंत्रावर बोट टेकवायचं. आधारच्या नोंदीशी ते जुळलं की आपण सरकारदरबारी जिवंत!

गेल्या खेपेला माझं बोट काही केल्या जुळेना. वय वाढलं की बोटांवरच्या रेषाही पुसट होत जातात. काऊंटरपलीकडे पंचविशीची एक मुलगी होती. रांग दारापर्यंत गेलेली. तिनं दोनदा प्रयत्न केला, तीनदा केला. चौथ्या वेळी काही न बोलता तिनं माझा हात मनगटाशी धरला, अंगठा ओढून यंत्रावर दाबला आणि चढ्या आवाजात म्हणाली, ‘‘आजोबा, नीट दाबा ना! किती वेळ?’’

माझ्या मागे कुणीतरी हसलं.

अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. खरं तर मला राग यायला हवा होता. पण आला नाही, कारण ते हसू मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. तेव्हा मी काऊंटरच्या दुसऱ्या बाजूला होतो आणि ते हसू मीच पिकवलं होतं.

* * *

ही १९८२ सालची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून मी रुजू झालो. वय वर्षं बावीस. तो काळच वेगळा होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशभरात बँकांच्या शाखा होत्या सुमारे ८,२६०. १९८० साली आणखी सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तोवर शाखांची संख्या ३२,००० च्या वर गेली होती. ज्या माणसांनी जन्मात कधी बँकेची पायरी पाहिली नव्हती, ती आता धोतर सावरत, पदर सारखा करत आत येऊ लागली होती. आणि त्यांच्यासमोर बसायला आमच्यासारखी, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, शहरात वाढलेली मुलं पाठवली जात होती. हिशेब आम्हाला शिकवला होता. लेजर कसं लिहायचं, डे-बुक कसं जुळवायचं, हेही शिकवलं होतं. समोरच्या माणसाशी बोलायचं कसं, हा विषय प्रशिक्षणात नव्हता.

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांची ओळख करून दिली. हे अमुकसाहेब, हे तमुकराव. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे बोट करून म्हणाले, ‘‘आणि हा आपला शिपाई.’’ तो ‘हा’ पन्नाशी ओलांडलेला होता. माझ्या वडिलांच्याच वयाचा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बँकेनं दिलेला खाकी सदरा. गावातली लहानथोर माणसं त्यांना मामा म्हणत. शाखेत मात्र विशीतले कारकूनसुद्धा त्यांना ‘ए, पाणी आण’ म्हणत.

पहिले दोन दिवस मी त्यांना ‘अहो मामा’ म्हणालो. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. ‘‘साहेब, नवे आहात म्हणून सांगतो. असं अहो-जाहो करून डोक्यावर चढवून ठेवू नका. उद्या आम्हाला त्रास.’’ चौथ्या दिवशी मी ‘अरे’ म्हणालो. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना सवय होती. मला सवय व्हायला चार दिवस लागले, एवढंच. माणसाला कमी लेखायला फारसा दुष्टपणा लागत नाही. आजूबाजूला सगळे तसं करत असले की पुरतं.

महिन्याभरानं एक म्हातारी आली. सत्तरीच्या आसपासची, काळीसावळी, नऊवारी लुगडं. सेव्हिंग खात्यातून पैसे काढायचे होते. निरक्षर खातेदाराचा अंगठा अधिकाऱ्यासमक्ष घ्यायचा आणि त्यावर अधिकाऱ्यानं सही करायची, अशी पद्धत. पुरुषांचा डावा अंगठा, बायकांचा उजवा. बाजाराचा दिवस होता आणि पितळी टोकनं हातात घेऊन माणसं ताटकळली होती. म्हातारीनं स्टँपपॅडवर अंगठा टेकवला आणि स्लिपवर उमटवला, पण तो फराटला. दुसरी स्लिप घेतली, तोही फराटला. मी तिचा हात धरला, अंगठा पॅडवर दाबला, उचलला आणि रबरी शिक्का मारावा तसा कागदावर मारला. वर म्हणालो, ‘‘काय आजी, एवढं वय झालं, तीन अक्षरं शिकता आली नाहीत?’’

रांगेतले लोक हसले. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

म्हातारीनं पैसे मोजून घेतले नाहीत. तसेच कमरेच्या पिशवीत घातले आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली ती खातं बंद करायला. साडेअकराशे रुपये होते. दुष्काळी भागातल्या एकट्या बाईची ती वर्षानुवर्षांची पुंजी. त्या दिवशी अंगठा घेण्याचं काम मामांनी केलं. मी टेबलाशी बसून बघत होतो. मामा तिच्यापुढे जरा वाकले, म्हणाले, ‘‘आक्का, हात देता का?’’ तिनं हात पुढे केला. मामांनी ओल्या फडक्यानं आधी तिचा अंगठा पुसला, कारण शेतात राबून त्यावर माती बसली होती आणि म्हणूनच तो फराटत होता. मग अलगद टेकवला. ठसा पहिल्या झटक्यात स्वच्छ उमटला. मग त्याच फडक्यानं तिच्या अंगठ्याची शाई पुसून दिली.

संध्याकाळी शाखा बंद करताना मामा माझ्या टेबलाशी आले. ‘‘साहेब, एक बोलू का? राग नका मानू. शिक्का आपला असतोय, तो कसाबी उचलावा. अंगठा तिचा असतोय. तो मागून घ्यावा.’’

* * *

ठेवी कमी झाल्या की मॅनेजर अस्वस्थ होतात. त्यांनी मला म्हातारीच्या वस्तीवर जाऊन तिला परत आणायला सांगितलं. मी मामांना सोबत घेतलं. वस्ती गावापासून कोसभर. घरात ती आणि एक शेळी. मला पाहताच तिनं घोंगडी झटकून अंथरली आणि म्हणाली, ‘‘या साहेब, बसा.’’ गुळाचा चहा केला. कपबशी एकच होती, ती मला दिली. मामांना पितळीत दिला. ज्या मुलानं चारचौघांत तिची अब्रू काढली होती, त्याला ती ‘या, बसा’ म्हणत होती. मला तो चहा गिळवेना.

मी बँकेत परत येण्याची गोष्ट काढली. व्याजाबद्दल बोललो, सुरक्षिततेबद्दल बोललो. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘पैसं काय बाबा, मडक्यात बी ऱ्हात्यात. तुमच्या तिथं आलं की मान खाली घालावी लागती. ह्या वयात नको वाटतं.’’

माफी मागायचं धैर्य मला झालं नाही. ‘चुकलं’ हा शब्द ओठांवर आला आणि चहाबरोबर पुन्हा आत गेला. पुढची तीन वर्षं मी त्या शाखेत होतो. ती परत आली नाही. तिचे पैसे एका व्यापाऱ्याकडे ठेवले आहेत, असं नंतर कानावर आलं. ते तिला वेळेला मिळाले का, हे मला कळलं नाही. मी चौकशीही केली नाही. हे लिहिताना त्याचीच जास्त लाज वाटते.

मामांना मात्र दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा ‘अहो’ म्हणू लागलो. कुणी काही बोललं नाही. माझ्या त्या ‘अहो’मुळे बँकेचं कामकाज विस्कळीत झालं नाही की मामा कुणाच्या डोक्यावर चढून बसले नाहीत.

* * *

‘आदर मागून मिळत नाही, कमवावा लागतो’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. ते अर्धंच खरं आहे. एखाद्याचं गाणं, एखाद्याची विद्वत्ता, एखाद्या बाईनं एकटीनं वाढवलेली चार मुलं यांच्याबद्दल जो आदर वाटतो, तो कमावलेला असतो. तो सर्वांना सारखा देता येणार नाही आणि देऊही नये. पण त्याच्याखाली आणखी एक थर आहे. समोर आलेला माणूस कोण, कुठला, काय शिकलेला, हे कळायच्या आधीच त्याला द्यायचा मान. तो कमवायचा नसतो. माणूस आहे, एवढ्या एकाच कारणासाठी तो त्याचा असतो. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. ती व्यक्ती साक्षर हवी, कर्ज वेळेवर फेडणारी हवी किंवा गोड बोलणारी हवी, अशी अट तिथं घातलेली नाही.

मराठी भाषेनं तर या बाबतीत आपली मोठीच परीक्षा घेतली आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, सुटका! आपल्याकडे तोंड उघडलं की निवड करावी लागते : तू, तुम्ही की आपण? आणि गंमत म्हणजे नुसत्या शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, पंढरीच्या विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो आणि हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोरालाही ‘तू’च म्हणतो. पहिल्या दोन्हींत जवळीक आहे, तिसऱ्यात ती नाही. उलट, ‘आपण जरा बाहेर थांबता का?’ हे आदरार्थी वाक्य ऐकून माणूस पायरी उतरून रडत गेलेला मी पाहिलेला आहे. तेव्हा प्रश्न व्याकरणाचा नाही. ज्याला ‘तू’ म्हणतो त्यानं आपल्याला उलट ‘तू’ म्हटलं तर चालेल का, एवढं स्वतःला विचारून पाहावं. आईला चालतं. विठ्ठलाचं त्यानंच पाहावं. टेबल पुसणाऱ्या पोरानं ‘तुला काय हवंय?’ असं विचारलं तर?

* * *

तुम्ही म्हणाल, हे सगळं गरीब म्हातारीच्या बाबतीत ठीक आहे. जो फसवतो, जो बुडवतो, त्याचं काय? बरोबर आहे. बँकेतल्या माणसाला हा प्रश्न रोजच पडतो.

२००३ साली मी मराठवाड्यात मॅनेजर होतो. आदल्या वर्षीच्या पावसानं दगा दिलेला. वसुलीसाठी जीप घेऊन गावोगाव फिरायचो. एका शेतकऱ्याकडे पंपसेटचं कर्ज थकलं होतं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यानं त्याला भर चावडीवर, त्याच्या दोन तरुण मुलांदेखत, नाही नाही ते सुनावलं होतं. तेव्हापासून जीप दिसली की तो रानात पळायचा. मी चावडीवर गेलोच नाही. जीप रस्त्यावर उभी करून चालत त्याच्या शेतावर गेलो, बांधावर बसलो आणि म्हटलं, ‘‘पैशाचं बोलायला आलोय. मुलांना जरा पलीकडे पाठवता का?’’

तो मनमोकळा बोलला. विहीर कोरडी पडली होती. एक बैल विकलेला, दुसरा विकायला काढलेला. मी त्याला हेही स्पष्ट सांगितलं की, नोटीस येईल, ती थांबवणं माझ्या हातात नाही. नोटीस गेली. त्यानं त्या वर्षी थोडे पैसे भरले, सगळे भरले नाहीत. मान दिला की वसुली होते, असा दावा मी करणार नाही. वसुली पावसावर असते. पण तो नंतर जीप पाहून पळाला नाही. शाखेत येऊन, खुर्चीवर बसून ‘यंदा जमणार नाही, साहेब’ असं सांगू लागला. माणसाला नाही म्हणता येतं, नोटीस पाठवता येते, कोर्टात खेचता येतं. हे सगळं त्याची मान खाली न घालवता करता येतं. कठोरपणा आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला माझी वीस वर्षं गेली. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं वसुली करणाऱ्यांना बजावलं की, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, चारचौघांत त्याची बेअब्रू करायची नाही. बातमी वाचली तेव्हा मला तो बांध आठवला.

आणि २०१६ चा नोव्हेंबर आठवतो. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. नऊला बँका बंद होत्या, दहाला उघडल्या. तेव्हा मी पुण्याच्या एका उपनगरातल्या शाखेत होतो. आठवडा होत नाही तोच सूचना आली की, नोटा बदलून घेणाऱ्याच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे तोच माणूस पुन्हा येणार नाही. एक निवृत्त प्राध्यापक रांगेत होते. कॅशियरनं त्यांचं बोट पकडून शाई लावली तेव्हा ते थरथरत म्हणाले, ‘‘मी काय चोर आहे?’’ चौतीस वर्षांनी पुन्हा तीच शाई आणि तोच ओढलेला हात. फरक एवढाच की, या वेळी हात शिकलेल्या माणसाचा होता आणि त्याच्याजवळ विचारायला शब्द होते. म्हातारीजवळ ते नव्हते. तिच्याजवळ फक्त खातं बंद करणं होतं. त्या दिवशी मी काऊंटरवरच्या सगळ्यांना गोळा करून एकच सांगितलं, ‘‘शाई लावावीच लागेल. पण आधी म्हणायचं : हात देता का?’’ मुलं दमलेली होती, जेवायला वेळ नव्हता. तरी त्यांनी ते केलं. रांग तेवढीच लांब राहिली, पण आवाज जरा खाली आले.

* * *

इथवर वाचून लेखकाला शहाणपण आलं असं कुणाला वाटलं असेल, तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी.

२०२० साली मी निवृत्त झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर घरात राहू लागलो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणतो. माझ्या कादंबऱ्यांत अशा बायका आहेत. त्यांच्या दुःखावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि त्याबद्दल लोकांनी माझं कौतुकही केलं आहे. एका सकाळी पत्नी बाहेर गेली होती म्हणून चहा मी केला. दोन कप खाली काढले आणि माझा हात आपोआप तिसऱ्या कपाकडे गेला. खिडकीच्या कट्ट्यावर, वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. तो मावशींचा. तो तिथं कुणी ठेवला, कधी ठेवला, कुणालाच आठवत नव्हतं. कित्येक वर्षं तो तिथंच होता. मी रोज पाहत होतो आणि मला दिसत नव्हता.

१९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे, हे आपण शाळेत शिकलो. १९५० पासून अस्पृश्यता घटनेनं नष्ट केली, हेही शिकलो. आणि आमच्या खिडकीत तो कप होता. आम्ही कुणाची जात विचारत नाही, असं आम्ही अभिमानानं सांगत होतो. कपाला ती विचारावी लागत नव्हती. तुमच्या सोसायटीत नोकरांसाठी वेगळी लिफ्ट असेल, राखणदाराला पावसात बसायला मोडकी खुर्ची असेल, तर त्याही एकदा नजरेखालून घालाव्यात. मी वाचकांना उपदेश करत नाही. माझा कप मला साठी ओलांडल्यावर दिसला.

कप मी टाकून दिला. त्या दिवशी मावशींना आमच्यातल्याच कपात चहा दिला. त्या घेईनात. ‘‘माझा कप कुठाय?’’ म्हणून शोधू लागल्या. फुटला म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘मग मी उद्या घरनं आणते.’’ आपलं काही चुकलं, आता काम जाणार, अशीच त्यांना शंका आली असावी. समोर बसून चहा घ्यायला त्यांना दोन महिने लागले. इतक्या वर्षांचा उणेपणा एका कपानं भरून निघावा, ही अपेक्षाच चुकीची होती. उशिरा दिलेल्या मानावर माणसं लगेच विश्वास ठेवत नाहीत, आणि का ठेवावा?

म्हणून मला वाटतं, हा स्वभावाचा गुण नाही. स्वभावानं मी चिडका आहे, घाईचा आहे, पत्नीला विचारा. ही रोज करायची निवड आहे. दमलेलो असताना, रांग मोठी असताना, समोरचा हळू असताना, चूक करत असताना करायची. सगळं सुरळीत असताना तर कुणीही सज्जन असतो.

* * *

तर गेल्या नोव्हेंबरातली ती मुलगी. शेवटी आतून एक शिपाई आले, त्यांनी ओलं फडकं आणलं. मी बोट पुसलं, पुन्हा टेकवलं आणि यंत्रानं मला आणखी एक वर्ष मंजूर केलं. मी तिला म्हणालो, ‘‘मॅडम, आभारी आहे. सकाळपासून बसला आहात, पाणी तरी प्या.’’ तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जेमतेम सेकंदभर. मग पुढचा नंबर पुकारला.

मामांचं वाक्य तिला सांगावं, असं फार मनात आलं होतं. सांगितलं नाही. रांगेसमोर, तिच्या सहकाऱ्यांसमोर सांगितलं असतं, तर लोक हसले असते आणि मी पुन्हा १९८२ मध्ये जाऊन पोचलो असतो. म्हणून इथं लिहिलं. रविवारी तिला सुट्टी असते. कदाचित वाचेलही.